पाणबुडीच्या आत आणि पाण्यावर

परभणी जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. पाण्याचा दाब शिकवताना आपण विहिरीचाच दाखला देतो. पाच-सहा परस खोल विहिरीच्या तळाशी पाण्यामुळे सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. वोल्फगांग पीटरसन यांचा ‘दास बोट’ (१९८१) हा जर्मन चित्रपट हाच धडा २८० मीटर खोलीवर नेतो. तेथे पाणबुडीच्या कवचावर दर चौरस मीटरला सुमारे २८० टन भार पडतो. बोल्ट गोळीसारखे सुटतात ते दृश्य सूत्रापेक्षा अधिक लक्षात राहते.

ध्वनीचेही तसेच. शत्रूच्या जहाजातून सोडलेला ध्वनी पाणबुडीवर आदळून परत जातो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर पाणबुडी किती दूर आहे? हे गणित नववीच्या वर्गात जरूर द्यावे.

येथवर चित्रपट उत्तम. उणीव आहे ती दृष्टीची. कॅमेरा बहुतेक वेळ पाणबुडीतच राहतो. त्यामुळे व्यापारी जहाजाचे मरण आपल्याला ऐकू येते, दिसत नाही. जळत्या टँकरवरची माणसे पाणबुडीकडे पोहत येतात आणि कप्तान मागे हटण्याचा हुकूम देतो, तेवढाच अपवाद. पण तीही माणसे अनामिकच राहतात.

म्हणून या चित्रपटासोबत ‘तिलावा’ची हकिगत सांगावी. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेल्या या जहाजावर ९५८ माणसे होती. २३ तारखेला जपानच्या ‘आय-२९’ पाणबुडीने त्यावर दोन टॉर्पेडो डागले. २८० जण दगावले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने उचलले. पुढे एप्रिल १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून भर समुद्रात ज्या जपानी पाणबुडीत गेले, ती हीच ‘आय-२९’! ही गोष्ट आपण वर्गात साहसकथा म्हणून रंगवून सांगतो. तिची दुसरी बाजू सांगत नाही.

२०१७ साली ‘तिलावा’तून चांदीच्या २३६४ लगडी वर काढण्यात आल्या आणि त्यांच्या हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चांदीची मोजदाद चोख झाली. यंत्र कसे चालते हे शिकवताना ते कोणावर चालले, हेही शिकवणे आपलेच काम आहे. चित्रपट मोठ्या विद्यार्थ्यांना निवडक भागांत दाखवावा. नंतरची चर्चा मात्र वगळू नये.