'अपरिपक्व' या विशेषणाची मर्यादा : गर्भावस्थेतील व प्रौढावस्थेतील मानवी विकरे

नवजात बालकाच्या यकृताचे वर्णन करताना मराठीतील आरोग्यविषयक व अध्यापनपर लेखनात 'अपरिपक्व' हे विशेषण सरावाने वापरले जाते. कामाला लागायचे राहिलेले प्रौढ यकृत, अशी प्रतिमा त्यातून उभी राहते. गर्भावस्थेतील विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, स्वरूप पाहता ही प्रतिमा टिकत नाही.

काविळीचेच उदाहरण घेता येईल. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापासून तालुक्याच्या प्रसूतिगृहापर्यंत, निळ्या प्रकाशाखाली ठेवलेले बाळ हे परिचित दृश्य आहे. तांबड्या पेशींच्या विघटनातून निर्माण होणारे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यूजीटी१ए१ हे विकर त्यास ग्लुकुरॉनिक आम्ल जोडते, तेव्हा ते पित्तावाटे बाहेर पडते. गर्भाच्या १७ ते ३० आठवड्यांच्या काळात या विकराची क्रियाशीलता प्रौढाच्या सुमारे ०.१ टक्का, तर जन्माच्या सुमारास १ टक्क्याच्या आसपास असते. प्रौढ पातळी गाठण्यास जन्मानंतर सुमारे १४ आठवडे लागतात. केवळ आकडे पाहिले तर 'अपरिपक्व' हा शब्द चपखल वाटतो. परंतु गर्भाचे बिलिरुबिन वारेतून मातेकडे जाते, आणि त्यासाठी ते मेदविद्राव्य राहणे आवश्यक असते. गर्भाने त्यास ग्लुकुरॉनिक आम्ल जोडले असते तर ते त्याच्याच शरीरात अडकले असते. उणीव म्हणून जी शिकवली जाते ती गर्भाशयातील सोय आहे. नाळ कापली जाताच तीच अडचण ठरते.

या शब्दाचा व्यवहारातील परिणामही दुर्लक्षणीय नाही. 'लिव्हर कच्चे आहे, होईल आपोआप' हे वाक्य पालकांस थांबण्यास सांगते. बहुतेक बाळांबाबत ते खरेही ठरते. मात्र जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ थांबण्याजोगी नसते. बिलिरुबिन मेंदूत पोहोचल्यास होणारी हानी कायमची असते, आणि कोवळे ऊन हा प्रकाशोपचाराचा पर्याय नव्हे.

यूजीटी१ए१ बाबत फरक प्रमाणाचा आहे, सीवायपी३ए कुलात तो स्वरूपाचाच आहे. गर्भाच्या यकृतात सीवायपी३ए७ प्रमुख असते. जन्मानंतर ते ओसरते आणि सातव्या गुणसूत्रावरील त्याच्या शेजारच्या जनुकाचे सीवायपी३ए४ त्याची जागा घेते. दोहोंतील अमिनो आम्लांचा क्रम सुमारे ८८ टक्के समान असूनही कामे भिन्न आहेत. सीवायपी३ए७ डीएचईए सल्फेटवर प्रक्रिया करते आणि त्यापासून वार एस्ट्रिऑल हे संप्रेरक घडवते. मिडॅझोलामसारखे औषध सीवायपी३ए४ सहज हाताळते, सीवायपी३ए७ फारच मंदपणे. येथे कच्चे काय आणि पक्के काय?

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, या समजुतीची किंमत १९५९ मध्ये नोंदवली गेली. क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली नवजात बालके करडी पडून दगावली, कारण त्या औषधास ग्लुकुरॉनिक आम्ल जोडण्याची क्षमता त्यांच्यात पुरेशी नव्हती. याउलट पॅरासिटामॉलचा निचरा नवजात बालक मुख्यतः सल्फेट जोडून करते, कारण ती विकरे गर्भातच कार्यरत झालेली असतात. एकाच यकृतातील एक मार्ग मंद आणि दुसरा सज्ज असेल, तर संपूर्ण अवयवास एकच विशेषण लावणे शास्त्रीय नव्हे.

विकर नसले तरी फीटल हिमोग्लोबिनचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो. विदर्भातील आणि सातपुड्यातील सिकलसेलग्रस्त कुटुंबांत हे गर्भकालीन प्रथिन प्रौढपणीही टिकून राहिल्यास पेशींचे विळ्यासारखे वाकणे कमी होते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याचेच प्रमाण वाढवते. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुक-संपादन उपचारपद्धतीही बीसीएल११ए या जनुकाचा अडसर दूर करून गर्भकालीन रूप पुन्हा सुरू करते. ज्या रूपास 'अपरिपक्व' म्हणून बाजूस सारले जाते, तेच परत आणण्यासाठी एवढा खटाटोप चालला आहे.

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट अपुरे असते. तेथे 'अपरिपक्व' हा शब्द रास्त आहे, कारण तेथे ठरलेला टप्पाच गाठायचा राहिलेला असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या यकृतास तो लावताना मात्र कोणते विकर आणि कोणत्या वयाचे, हे सांगणे लेखकाकडून अपेक्षित आहे.