ख्रिस्तपुराणाचा पाठ आणि त्याचें नित्यवाचन

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण हा जुन्या मराठी वाङ्मयांतील एक थोर ग्रंथ आहे, याविषयीं आतां कोणी शंका घेईल असें वाटत नाहीं. तो १६१६ सालीं गोव्यांतील राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आणि या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. अर्थात् आज आपण जें वाचतों तें सर्व हस्तलिखित प्रतींच्या आधारावर उभें आहे. त्यांतील कोणता पाठ मूळचा, हा वाद शंभर वर्षें चालला आहे. परंतु तो आजवर लिपि आणि शब्दसंग्रह या दोहोंपुरताच चालला. हा ग्रंथ कशासाठीं रचिला गेला व तो लोक कसा वाचीत, याचा विचार केल्यावांचून या वादाचा निकाल लागणें शक्य नाहीं, असें आमचें मत आहे.

ग्रंथकर्ता इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचा. तो १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं मृत्यु पावला. म्हणजे सुमारें चाळीस वर्षें त्याचा वास या भूमींत झाला व त्यांतील बराच काळ साष्टी महालांत गेला. ग्रंथाचे भाग दोन. ‘पहिलें पुराण’ ३६ अवस्वरांचें असून त्यांत ४,१८१ ओंव्या आहेत. ‘दुसरें पुराण’ ५९ अवस्वरांचें असून त्यांत ६,७८१ ओंव्या आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ‘जुन्या करारां’तील कथा, व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. एकंदर ओंव्या १०,९६२. एका परकीयानें परभाषेंत केलेला हा उद्योग केवळ पांडित्यप्रदर्शनासाठीं नव्हता, हें ग्रंथारंभींच स्पष्ट होतें.

तेथें कवि सांगतो कीं, साष्टींतील एका देवळांत मुलांना धर्मशिक्षण चाललें असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रीस विनंति केली. तिचा आशय असा : आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलींत, आतां वेळ घालविण्यास व मन रमविण्यास त्यांच्या जागीं दुसरें पुराण आपण कां देत नाहीं? या एका प्रश्नांत ग्रंथाचें सारें प्रयोजन आलें आहे. धर्म बदलला तरी माणसाच्या दिवसाची घडी बदलत नाहीं. सायंकाळीं दिव्यापाशीं बसून ऐकण्याची जी संवय पिढ्यानुपिढ्या लागलेली, ती रिकामी राहिली होती. प्रश्नोत्तररूप धर्मोपदेश पाठ करतां येतो, पण त्यांत रात्र सरत नाहीं. त्यासाठीं कथाच पाहिजे. स्टीफन्सनें ही उणीव ओळखली, हा त्याच्या बुद्धीपेक्षांहि त्याच्या अंतःकरणाचा मोठेपणा होय.

येथें दुसरी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. याच ग्रंथकाराची ‘दौत्रिना क्रिस्तां’ त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं प्रसिद्ध झाली. ती गुरुशिष्यसंवादरूप असून कोंकणींत आहे. नित्याच्या प्रार्थना, श्रद्धेचीं वाक्यें, दहा आज्ञा हें सर्व घरच्या बोलींत, आणि शास्त्रकथा मात्र मराठी ओंवींत, अशी ही वांटणी आहे. प्रार्थना मुखांतून यावयाची, म्हणून ती बोलीची. पुराण कानांवर पडावयाचें, म्हणून तें ज्या भाषेंत पुराणें ऐकण्याचा लोकांस सराव होता तिचें. ही वांटणी न पाहतां ख्रिस्तपुराणाच्या भाषेची शुद्धाशुद्धता ठरवूं जाणें म्हणजे नदी न पाहतां तिच्या घाटाची उंची मोजणें होय.

आतां आवृत्त्यांकडे वळूं. जोसेफ सालदान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथून हस्तलिखितें जुळवून रोमन लिपींतील पाठ प्रसिद्ध केला. हा उपकार मराठीनें कधींहि विसरूं नये. १९२३ सालीं जस्टिन अॅबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीची ओळख करून दिली व हाच मूळ पाठ असें प्रतिपादन केलें. पुढें शांताराम बंडेलू यांची १९५६ ची व कारिदाद द्रागो यांची १९९६ ची, अशा देवनागरी आवृत्त्या निघाल्या, त्या सालदान्हांच्या पाठावरून. आणि नेल्सन फाल्कांव यांच्या परिश्रमांनीं अलीकडे अभ्यासाची सोय पुष्कळच वाढली. लिपि देवनागरी झाली म्हणून पाठ मार्सडेन प्रतीचा झाला, असा घोटाळा नवीन अभ्यासकांकडून वारंवार होतो. तो टाळला पाहिजे.

अॅबट यांचा मुख्य आधार असा कीं, रोमन प्रतींत जेथें धर्मविधींचीं व धर्मपदांचीं पोर्तुगीज-लॅटिन नांवें येतात, तेथें मार्सडेन प्रतींत बहुधा संस्कृत शब्द आहेत. यांस पोषक असा एक पुरावाहि आहे. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रांत स्टीफन्सनें देशी भाषेंत व देशी लिपींत ग्रंथ छापण्याची उत्कंठा व्यक्त केली असून, सहाशें ठशांचें काम दोनशांवर आणतां येईल असा हिशेबहि दिला आहे. नागरी अक्षर त्याच्या मनांत होतें, एवढें यावरून निश्चित होतें. परंतु लिपि मनांत असणें निराळें आणि अमुक प्रतींतील शब्द मूळचे असणें निराळें. पहिल्यावरून दुसरें सिद्ध होत नाहीं.

शिवाय कवीची स्वतःची साक्ष विरुद्ध पक्षाला बळ देते. गद्य प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं म्हणून प्राचीन कवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या भाषेचे, म्हणजे कोंकणीचे, शब्द ठिकठिकाणीं मिसळले. हें विधान कोंकणी शब्दांविषयीं आहे, पोर्तुगीज शब्दांविषयीं नाहीं, हें आम्ही जाणतों. पण त्यांतून कवीचें धोरण कळतें : ऐकणाऱ्यास जें सुगम तें ग्राह्य. ज्या श्रोत्याच्या कानांवर दर रविवारीं देवळांत विधींचीं परकी नांवें पडत होतीं, त्यास तींच सुगम. तेव्हां शुद्ध पाठ तो मूळ पाठ, हें गृहीतच डळमळीत होतें. एखाद्या विद्वान् लेखकानें मागाहून पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत घातले असणें तितकेंच संभवनीय आहे.

नित्यपठनानें पाठ पालटतो, ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन नाहीं. स्टीफन्स गोव्यांत आल्यावर पांच वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठांतराच्या ओघांत शिरलेले अपपाठ काढण्यासाठींच. जो ग्रंथ पेटींत राहतो तो कसरीनें बिघडतो; जो रोज वाचला जातो तो वाचणाऱ्यांच्या जिव्हेनें बिघडतो. दुसऱ्या प्रकारचा बिघाड हा इतिहासाचा पुरावा आहे.

मग निर्णय कसा करावा? आम्हांस एक कसोटी सुचते. ओंवीच्या पहिल्या तीन चरणांस यमक असतें, चौथा आखूड व मोकळा. अक्षरसंख्येचें बंधन सैल. यामुळें चरणाच्या मध्यें शब्द बदलला तर छंद तक्रार करीत नाहीं, पण यमकाच्या जागीं बदलला तर तत्काळ उघडा पडतो. म्हणून वादग्रस्त धर्मपद जेथें जेथें पहिल्या तीन चरणांपैकीं एखाद्याच्या अंतीं आलें असेल, तेवढ्याच ओंव्या वेगळ्या काढाव्या व दोन्ही पाठ शेजारीं ठेवून यमक कोणाचें जुळतें तें पाहावें. संस्कृत शब्दानें यमक मोडत असेल तर रोमन पाठ जुना. पोर्तुगीज शब्दानें मोडत असेल तर अॅबट यांचा पक्ष खरा. दोन्हींनीं जुळत असेल तेथें मौन पत्करावें. मतांच्या ढिगापेक्षां अशी लहानशी यादी अधिक उपयोगी पडेल.

शेवटीं संग्राहकांस विनंति. १६८४ च्या व्हाइसरॉयच्या आज्ञेनें गोव्यांत देशी भाषेवर बंदी आली. ज्याची छापील प्रत एकहि उरली नाहीं तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोंचला, तो ज्यांनीं हातांनीं उतरून घेतला व आपल्या लेंकरांस वाचून दाखविला त्यांच्यामुळें. मार्सडेन प्रतीच्या कीर्तीमुळें रोमन लिपींतील प्रती ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूस पडतात, हें अत्यंत अनिष्ट आहे. साष्टींत वा कानडा किनाऱ्यावर जुन्या घरांत अशी प्रत आढळल्यास केवळ पाठभेद टिपून थांबूं नये. कोणत्या अवस्वरांचीं पानें बोटांनीं झिजलीं आहेत, कोठें मेणाचे थेंब आहेत, समासांत कोणत्या सणाची खूण आहे, कोणता भाग पुन्हां लिहून जोडला आहे, हें सर्व नोंदवावें. बंधन उसवून पानें नवीं करण्यापूर्वीं तर अवश्य नोंदवावें, कारण एकदां तें गेलें कीं परत मिळत नाहीं. एका ब्राह्मणानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर लोकांनीं कसें स्वीकारलें, हें त्या झिजलेल्या पानांवांचून दुसरें कोणीहि आपणांस सांगूं शकणार नाहीं.