बारवीचे दरवाजे

बदलापूरजवळच्या बारवी धरणावर पावसाळ्यात लोटणारी गर्दी कोसळतं पाणी पाहायला येते. जाणकाराने दरवाजे पाहावेत. पातळी 72.60 मीटरला पोचली की हे 11 स्वयंचलित दरवाजे उघडू लागतात. साहेबांच्या सहीसाठी फाइल अडत नाही, रात्री-अपरात्री कुणाला झोपेतून उठवावं लागत नाही. ऐन पुरात काय आधी आणि काय नंतर, हा वाद इथे कोरड्या दिवसांत बसून मिटवलेला आहे: भिंत आधी, साठा नंतर. 1903 मध्ये विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवली, त्याच घराण्यातली ही करामत. मला तिच्यातला अबोलपणा फार आवडतो.

धरण एमआयडीसीचं. उभारलं कारखान्यांसाठी, आज उल्हासनगर, अंबरनाथपासून ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंतच्या घरांची तहानही त्यावर आहे. सोडलेलं पाणी नदीनेच खाली येतं, जांभूळ गावाजवळ उचललं जातं, शुद्ध होऊन पुढे निघतं. या साखळीतली मला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे देखभालीचं शटडाउन. चोवीस तास नळ कोरडे ठेवून जलवाहिनी दुरुस्त करायची, वर शिव्या खायच्या! फुटल्यावर धावणारा अधिकारी फोटोत दिसतो; फुटू नये म्हणून आधीच पाणी बंद करणारा दिसत नाही. खुर्चीवरच्या माणसाची पारख या दुसऱ्या कामातच होते.

एका जागी मात्र आधीचं काम आधी करण्याचा हा क्रम चुकला होता. धरणाची उंची वाढवल्याने साठा सुमारे 234 वरून 340 दशलक्ष घनमीटरवर जाणार होता. पण पाण्याखाली जाणाऱ्या तोंडली, मोहघर, काचकोली या गावांतली माणसं अजून तिथेच राहत होती. भिंत चढली, पुनर्वसन मागे पडलं. गावकरी हटले नाहीत, आणि बांधकाम होऊनही वाढीव पाणी वर्षानुवर्षं अडवता आलं नाही. 2019 च्या पावसाळ्यात धरण प्रथमच नव्या उंचीपर्यंत भरलं. बाधित कुटुंबांतल्या एकेकाला नोकरी देण्याचा निर्णयही गावकऱ्यांच्या या चिवटपणातूनच निघाला. दरवाजांच्या रचनेत जे शहाणपण आधी सुचलं, ते माणसांच्या बाबतीत भांडून मिळवावं लागलं, हा बारवीचा उणा भाग.

यंदा ओसंडणारं धरण पाहायला जाल, तर खालच्या पात्रात उतरू नका. दरवाजे पातळी पाहतात, पात्रात कोण उभं आहे ते पाहत नाहीत.