रिकाम्या घरांचे व्याकरण: नलडेव्ह व नोडेव्ह

युनिक्स या परिचालन प्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ मध्ये बेल प्रयोगशाळेतून बाहेर पडली, आणि लवकरच न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी तिच्या कर्नेलची संहिता आपल्या विद्यार्थ्यांसाठी भाष्यासह सिद्ध केली. या संहितेतील दोन फलनांकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. एकाचे नाव नोडेव्ह, दुसऱ्याचे नलडेव्ह. पहिल्याच्या पोटात एकच विधान आहे. दुसऱ्याच्या पोटात काहीच नाही. केवळ दोन महिरपी कंस. प्रस्तुत लेखाचा विषय हीच दोन फलने होत.

त्यांची जागा कोठे आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्याला चकती, मुद्रक, टेलिटाइप अशी नाना उपकरणे राबवावी लागतात. परंतु प्रत्येक उपकरणाचे वर्म त्या उपकरणाच्या चालकालाच, म्हणजे ड्रायव्हरलाच, ठाऊक असते. कर्नेलजवळ असते ते केवळ एक कोष्टक. अक्षर-उपकरणांच्या कोष्टकात प्रत्येक उपकरणास एक ओळ, आणि ओळीत पाच घरे: उघडणे, मिटणे, वाचणे, लिहिणे, आणि टर्मिनलची मांडणी विचारणे वा बदलणे. घराघरांत एकेका फलनाचा पत्ता. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हा प्रकार परका वाटू नये. ही एक रूपावलीच आहे. आणि रूपावली आली की अपूर्ण रूपांचे शब्द आलेच. मराठीत ‘नको’ किंवा ‘नये’ यांची सर्व काळांतील रूपे मागू गेल्यास ती मिळत नाहीत. तद्वत् मुद्रक उघडता येतो, मिटता येतो, त्यावर लिहिता येते. त्यातून वाचता मात्र येत नाही. मग वाचनाच्या घरात काय ठेवावे?

सहाव्या आवृत्तीचे उत्तर असे की, तेथे नोडेव्ह ठेवावे. कोणी मुद्रक वाचू गेल्यास हे फलन त्याच्या नावे एक दोष नोंदवते आणि परतते. उलट आरके जातीची चकती उघडताना वा मिटताना काहीच करावयाचे नसते. तेथे नलडेव्ह ठेवले आहे. ते हाक ऐकते आणि निमूटपणे परतते. उघडण्याची क्रिया यशस्वी होते. दोन्ही फलनांस मूळ लेखकांनी एकेक छोटी टीप जोडली आहे. एकीत अशा घरांना अवैध म्हटले आहे, दुसरीत नगण्य. या दोन विशेषणांतील भेद हाच या रचनेचा प्राण आहे असे मला वाटते.

भाषाशास्त्राचा अभ्यासक येथे ‘शून्य प्रत्यय’ म्हणून मोकळा होईल. पण ते अर्धेच खरे. पाणिनीने १.१.६० या सूत्रात लोपाची व्याख्या अदर्शन अशी केली, आणि १.१.६२ मध्ये प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य उरते असे सांगितले. नलडेव्ह या व्याख्येत चपखल बसते: वर्तन दिसत नाही, स्थानाचे कार्य उरते. नोडेव्ह मात्र लोप नव्हे; तो स्पष्ट शब्दांतला निषेध आहे. दोहोंना ‘स्थानपूरक’ या एकाच नावाखाली कोंबणे म्हणजे ‘गरज नाही’ आणि ‘चालत नाही’ यांना एकार्थी मानणे होय.

घर सरळ मोकळे, म्हणजे शून्य, का ठेवले नाही? ती सोय नव्हतीच. प्रणाली सुरू होताना कर्नेल कोष्टकातील ओळी मोजते, आणि ‘उघडणे’च्या घरात शून्य आढळताच कोष्टक संपले असे समजते. तेथे शून्याला अगोदरच एक अर्थ जडलेला होता: विराम. म्हणून यंत्राला नसलेल्या उपकरणाची ओळही नोडेव्हनेच भरावी लागे.

परंतु येथेच या रचनेचे वैगुण्यही उघड होते. नोडेव्ह जो दोष नोंदवते त्याचा क्रमांक १९, आणि त्याचे शीर्षक ‘असे उपकरण नाही’ या अर्थाचे. नसलेल्या उपकरणाच्या ओळीत हे विधान सत्य आहे. मुद्रकाच्या ओळीत ते असत्य आहे. मुद्रक तर समोर उभा आहे! नियमपुस्तिकेत खुलासा आहे की, उपकरणाला न शोभणारी क्रिया, उदाहरणार्थ केवळ लिहिण्याच्या उपकरणातून वाचणे, असा या दोषाचा अर्थ घ्यावा. पण वापरणाऱ्याच्या पुढे खुलासा येत नाही, शीर्षक येते. जेथे ‘नव्हे’ म्हणावयाचे तेथे ‘नाही’ म्हटले गेले.

लिनक्सने वेगळी वाट धरली. तेथे चालकाचा लेखक नको असलेली घरे कोरी सोडतो, आणि कोरेपणाचा अर्थ हाक मारणारा भाग लावतो. उघडण्याचे घर कोरे असल्यास यश; वाचनाचे व लेखनाचे दोन्ही पर्याय कोरे असल्यास अग्राह्य मागणीचा दोष; उपकरण सज्ज आहे का हे विचारण्याचे घर कोरे असल्यास ‘सदैव सज्ज’ असे उत्तर. एकच कोरेपण, अर्थ मात्र घरागणिक निराळा. नवे घर वाढविले तरी शेकडो जुने चालक बदलावे लागत नाहीत, ही या पद्धतीची मोठी सोय. ती मी कमी लेखत नाही. तथापि त्याच कर्नेलमध्ये जाळे-संकेतांच्या कोष्टकांतील काही घरांचा रिवाज उलटा होता: ती स्थानपूरकाने भरलेलीच असणार असे हाक मारणाऱ्याने गृहीत धरावयाचे. २००९ च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले की, काही संकेतांच्या कोष्टकांत पान पाठविण्याचे घर कोरेच राहिले होते, आणि कर्नेल न तपासता शून्य पत्त्यावर उडी घेत होते. त्या पत्त्यावर आपली आज्ञावली आधीच मांडून ठेवणारा सामान्य वापरकर्ता संपूर्ण यंत्राचा धनी होऊ शके. २००१ पासूनच्या आवृत्त्यांत हे छिद्र होते. दोष कोरेपणाचा नव्हता, भरण्याचाही नव्हता. एका घरात दोन व्याकरणे नांदत होती, याचा होता.

फ्रीबीएसडीची तडजोड मला अधिक समंजस वाटते. तेथे लेखक घर कोरे सोडू शकतो. पण उपकरणाची नोंद होतानाच कर्नेल उघडण्या-मिटण्याच्या कोऱ्या घरांत निष्क्रिय फलन आणि वाचण्या-लिहिण्याच्या घरांत निषेधाचे फलन भरते. अवैध आणि नगण्य हा जुना भेद शाबूत राहतो.

लिनक्समधील आणखी एक प्रकरण अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगे आहे. स्थान सरकविण्याचे घर कोरे असल्यास पूर्वी ‘नेहमीच्या रीतीने सरकवा’ असा अर्थ होई. २०१० मध्ये सर्व चालकांत हे घर स्पष्टपणे भरण्यात आले, आणि मग कोरेपणाचा अर्थ बदलून ‘सरकविता येत नाही’ असा ठरविला गेला. निषेधाचे निराळे नाव त्यानंतरही बरीच वर्षे टिकले. कोरे घर तेच सांगते म्हणून २०२४ मध्ये तेही काढून टाकले. मुख्य संहितेबाहेर कोणी पूर्वी लिहून ठेवलेला चालक मात्र या नव्या कर्नेलबरोबर जुळविला, तर त्याचे एक अक्षरही न बदलता त्या घरातील होकाराचा नकार झालेला असतो.