‘नटसम्राट’नंतरचे श्रीराम लागू

नटाच्या वाट्याला एखादी भूमिका अशी येते, की तिचा लौकिक हाच पुढे त्याच्या इतर कामगिरीवरचा पडदा होऊन बसतो. डॉ. श्रीराम लागू यांच्या बाबतीत असेच घडले. 23 डिसेंबर 1970 रोजी वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ प्रथम रंगभूमीवर आले आणि गणपतराव बेलवलकर व लागू ही दोन नावे महाराष्ट्राच्या मनात एकजीव झाली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांसारख्या समर्थ नटांनी तीच भूमिका केली. तथापि तुलनेचा मापदंड लागूच राहिले. 17 डिसेंबर 2019 रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हाही ‘नटसम्राट गेला’ याच शब्दांत अनेकांनी शोक केला. हा गौरव खरा आहे. परंतु तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

लागूंच्या अभिनयावर आपल्या टीकाकारांनी दोन शिक्के मारले. पहिला ‘बुद्धिप्रधान’ हा. घसा, नाक व कान यांचा शल्यविशारद, काही काळ आफ्रिकेत वैद्यकी केलेला, चाळिशी ओलांडल्यावर व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट झालेला हा माणूस भूमिकेची चिरफाडच करणार, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा. दुसरा शिक्का उत्तरायुष्यातला. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात 1999 साली, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली, त्यांनी सॉक्रेटिस उभा केला. तेव्हा नटाचे वय एकाहत्तर होते आणि विष प्राशन करणारा सॉक्रेटिस सत्तर वर्षांचा होता. शिवाय लागूंची विवेकनिष्ठा आणि देव या कल्पनेविषयीची त्यांची परखड मते सर्वश्रुत होती. साहजिकच अनेक रसिक म्हणाले, ‘यात अभिनय तो कोणता? लागू स्वतःच बोलत आहेत.’

ही स्तुती दिसते. वस्तुतः ती नटाच्या कलेचा अधिक्षेप आहे. मते जुळली म्हणजे भूमिका साधते, असे असते तर सभेतला प्रत्येक वक्ता नट ठरला असता. सॉक्रेटिसाची अडचण अशी, की त्याच्याजवळ बेलवलकरांसारखा आक्रोश नाही, घर हरवल्याचे दुःख नाही. त्याच्याजवळ प्रश्न आहेत. प्रश्न विचारणाऱ्याने आवाज चढवला की तो उपदेशक होतो, आणि उपदेशकाला अथेन्सने विष कशासाठी द्यावे? म्हणून जो धीरगंभीर, खर्जातला स्वर ‘नटसम्राट’मध्ये प्रेक्षागृह हलवीत असे, तोच येथे आवरून धरणे भाग होते. संपत्तीचा वारसा असलेल्याने मितव्यय करावा, तसा हा संयम आहे. तो बुद्धीने ठरवता येतो. परंतु रंगमंचावर टिकवावा लागतो तो अंगी मुरलेल्या कलेनेच.

उळवीसारख्या गावी राहणाऱ्यास या भूमिकेचा आणखी एक पदर दिसतो. बाराव्या शतकात कल्याणात रक्तपात झाला, तेव्हा चन्नबसवण्णांसह शरण वचनांचे धन घेऊन या अरण्यात आले, अशी येथील परंपरा आहे. चन्नबसवण्णांची समाधी आजही येथे पूजिली जाते. शब्द वाचवण्यासाठी शरणांनी स्थलांतर पत्करले; शब्द खरा ठरावा म्हणून सॉक्रेटिसाने पळून जाण्याची चालून आलेली संधी नाकारली. दोहोंतही भय नाही. मात्र ज्याने काही लिहूनच ठेवले नाही, त्याला स्वतःच्या मरणाखेरीज दुसरी पोथी नव्हती. अशा माणसाचे शांतपण हे हट्टाचेही नव्हे आणि हौतात्म्याच्या हौसेचेही नव्हे, हे दाखवणे हीच नटाची कसोटी होय.

‘लागू स्वतःच बोलतात’ या मताचे निरसन पुढच्याच भूमिकेने होते. डॉ. शिरीष आठवले यांच्या ‘मित्र’ या नाटकातील दादासाहेब पुरोहित अर्धांगाने जखडलेले, हेकट, जुन्या ग्रहांत अडकलेले वृद्ध गृहस्थ आहेत. शुश्रूषेसाठी आलेल्या रूपवतेबाईंशी त्यांचे जे नाते हळूहळू जुळते, तोच नाटकाचा गाभा. येथे विचारांचे साम्य नाही, आणि देहाची मोकळीकही नाही. जो नट सॉक्रेटिसात केवळ स्वतःला मांडत असेल, त्याला दादासाहेब पेलता ना. लागूंनी ते पेलले, कारण त्यांचे साधन मत नव्हते. दुसऱ्या माणसाचे म्हणणे निर्भेळ पोचवण्याची निष्ठा होती. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘लमाण’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे. लमाणाने माल वाहावा. त्यात आपले मीठ मिसळू नये.

हा प्रश्न एका नटाच्या कीर्तीपुरता नाही. आमच्यासारख्या सीमेवरच्या, 1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या व आता कर्नाटकात असलेल्या मुलखात मराठी नाटक क्वचित पोचते. पोचतात ती परीक्षणे. प्रयोग विरून जातो, आणि टीकाकाराने जे नोंदले तेवढेच दूरच्या रसिकाच्या हाती लागते. ‘बुद्धिप्रधान’, ‘अविस्मरणीय’ अशा विशेषणांनी त्याच्या हाती काय येणार? नट कोठे थांबला, कोणते वाक्य त्याने हळू उच्चारले, समोरचे पात्र बोलत असता त्याची नजर कोठे होती, हे लिहून ठेवणारा टीकाकार हाही एक लमाणच. लागूंच्या उत्तरकालीन भूमिकांचे असे बारकाईने टिपण, त्या पाहिलेल्या जाणत्यांनी, स्मृती शाबूत आहे तोवर करावे, एवढीच आमची विनंती आहे.