पकडता न येणारी आई

मुलांच्या खेळाची साहित्यकृतीप्रमाणे चिकित्सा करावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते, ज्या कथेत मूल तासन् तास रमते ती कथा मोठ्यांनीही एकदा नीट वाचून पाहावी. ‘पोकेमॉन’ ही अशीच एक कथा आहे. तिचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन व्हिडिओ खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाले. २००३ साली तिची कार्टून मालिका भारतात दूरचित्रवाणीवर आली आणि पिकाचू हे नाव आपल्याही घरांत रुळले. रानोमाळ भटकावे, काल्पनिक जीव चेंडूत पकडावेत, त्यांना तयार करावे आणि इतरांच्या जीवांशी लढवावे, असे या खेळाचे स्वरूप आहे. आरंभी १५१ असलेले हे जीव आज हजारापलीकडे गेले आहेत. या जगात मृत्यूला कोणते स्थान आहे, एवढ्याच प्रश्नाचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

प्रथमदर्शनी असे वाटते की येथे मृत्यू नाहीच. लढाईत हरलेला जीव मरत नाही. इंग्रजी आवृत्तीत तो मूर्च्छित होतो. जपानी मुळात त्या अवस्थेला ‘हिन्शी’, म्हणजे मरणाच्या उंबरठ्यावर, असा शब्द आहे. पण तो उंबरठा कोणी ओलांडत नाही. शुश्रूषा केंद्रात नेताच क्षणार्धात सारे पूर्ववत होते. ही योजना हेतुपूर्वक केलेली आहे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांनी १९९९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले होते की, हरणे म्हणजेच मरणे असे मुलांनी समजावे हे त्यांना मान्य नव्हते. मृत्यूकडे अधिक आदराने पाहिले जावे अशी त्यांची भूमिका होती. पडद्यावर माणसे मारून गुण मिळवण्याचे खेळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या भूमिकेचे मोल सांगावयास नको.

परंतु ताजिरी यांनी मृत्यू आपल्या जगातून हद्दपार केला नाही. टोकिओच्या उपनगरात वाढलेला हा मुलगा कीटक गोळा करण्याच्या नादाने झपाटलेला होता. कोण कोणाला खातो, हे कीटक पाळणाऱ्या मुलाला पुस्तकावाचून कळते. खेळातील ‘पोकेडेक्स’ या जीवकोशात ही जाण उतरली आहे. पिजॉट हा पक्षी पाण्याच्या पृष्ठभागाला घासून वेगाने उडतो आणि बेसावध मॅजिकार्प मासे टिपतो, अशी नोंद त्यात आहे. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत तर शिकार कोशाच्या पानातून प्रत्यक्ष कथेत येते. कोर्सोला हा पोवळ्यासारखा जीव संकटात मदतीसाठी हाक मारतो, तेव्हा कधीकधी मॅरिॲनी ही त्याची भक्षक धावून येते आणि त्याच्यावरच तुटून पडते. खेळणाऱ्या मुलाने सृष्टीचा हा कठोर नियम केवळ पाहावयाचा असतो.

या साऱ्याचा कळस पहिल्याच खेळातील लॅव्हेंडर टाऊन या गावी आहे. तेथे सात मजल्यांचा एक मनोरा आहे. त्यात पोकेमॉनांची थडगी आहेत आणि शोक करणारी माणसे येऊन उभी राहतात. याच मनोऱ्यात क्यूबोन नावाचा लहानगा जीव आढळतो. १९९८ च्या ‘यलो’ आवृत्तीचा कोश सांगतो की, त्याने डोक्यावर घातलेली कवटी त्याच्या मृत आईची आहे आणि त्याचे रडणे त्या कवटीत घुमून करुण सुरासारखे बाहेर येते. सहाव्या मजल्यावर एक भूत वाट अडवते. विशिष्ट यंत्राने पाहिल्यावर कळते की, ते मॅरोवॅक या मादीचे आहे. रॉकेट टोळीच्या तावडीतून निसटू पाहताना मारली गेलेली हीच क्यूबोनची आई.

येथे खेळाने जे केले आहे, त्यातच आम्हांस त्याचे खरे वाङ्मयीन सामर्थ्य दिसते. दिसेल तो जीव पकडावा, हीच ज्या खेळाची मूळ प्रेरणा, त्यात या आईवर टाकलेला चेंडू लागतच नाही. कितीही टाकावेत, ती ते चुकवते. त्याच मनोऱ्यात गॅस्टलीसारखी भुते पकडता येतात, परंतु ती कोणाची कोण, हे आपल्याला कोणी सांगत नाही. जिचे नाते आपल्याला ठाऊक आहे, ती मात्र कोणाच्या संग्रहात येत नाही. तिच्याशी एकदाच लढावे लागते. मग तिचा आत्मा शांत होऊन परलोकी निघून जातो आणि वाट मोकळी होते. मृत व्यक्ती आपल्या मालकीची नसते, तिला निरोपच द्यावा लागतो, हे एकही उपदेशपर वाक्य न उच्चारता मुलापर्यंत पोहोचते.

दोषही नमूद केले पाहिजेत. आई पकडता येत नाही, पण तिचे पोरके लेकरू त्याच मनोऱ्यात चेंडूत कोंबून लढाईला जुंपता येते. या विसंगतीकडे खेळ वळूनही पाहत नाही. शिवाय मृत्यू नेहमी दुसऱ्याच्या हातून घडतो. पक्षी मारतो, टोळी मारते. खेळणाऱ्याचे स्वतःचे हात मात्र सदैव स्वच्छ राहतात. पुढे पुढे तर मूळचा संयमही सैल झाला. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांत कोर्सोला पांढऱ्याफटक भुताच्या रूपात येतो. हवामान अकस्मात बदलल्याने त्याचा प्राचीन वंश नष्ट झाला, असे कोश सांगतो. जिथे एके काळी समुद्र होता तिथे तो दगडासारखा पडून असतो. मरणाऱ्या प्रवाळांची वार्ता मुलांना सांगणारी ही कल्पना विलक्षण आहे. तथापि हा मृत जीव आता चेंडूत बसतो आणि यादीतील एक क्रमांक होतो. मॅरोवॅकला जो मान मिळाला, तो त्याला मिळत नाही.

तरीही २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांतील दफनमनोऱ्याच्या शिखरावर मृतांच्या आत्म्यांच्या सांत्वनासाठी घंटा वाजवता येते, हे आम्ही विसरत नाही. शोकाचे भान या मालिकेने पुरते गमावलेले नाही. म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मूल या खेळात गढलेले दिसले, तर त्याने किती जीव पकडले हे विचारून थांबू नये. क्यूबोनच्या आईवर टाकलेला चेंडू का लागत नाही, हेही एकदा त्याला विचारून पाहावे.