पीकविमा ‘पोर्ट’ करता येत नाही

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, “सर, गिऱ्हाईक नाराज झालं की दुकान बदलतं. धंदा बुडायला लागला की दुकानदार आपोआप सुधारतो. मग तक्रार, कायदा, कोर्ट हे सगळं कशाला?” वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहिलं. प्रश्न साधा वाटतो, पण बाजार कार्यक्षम असतो या सिद्धान्ताचा सगळा भार त्या एका वाक्यावर आहे. आज त्याच वाक्याची आपण उलटतपासणी करू.

आधी आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मोबाइलचं बिल सारखं चुकीचं यायचं. ग्राहक सेवेला फोन लावला की मराठीसाठी अमुक दाबा, बिलासाठी तमुक दाबा, आणि मग अर्धा तास ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं, पण ‘महत्त्वाचा’ या शब्दाचा हा अर्थ आम्हाला तिथं कळला. शेवटी नंबर तोच ठेवून आम्ही कंपनी बदलली. २०११ पासून ही सोय देशभर आहे. आमचा प्रश्न मिटला. पण आम्ही का गेलो, हे त्या कंपनीला कळलं का? नाही. जे मागे राहिले त्यांचं बिल सुधारलं का? तेही ठाऊक नाही. म्हणजे आम्ही सुटलो, एवढंच झालं.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या छोट्या पुस्तकात याचीच मांडणी केली. नाराज माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जायचं, नाहीतर आवाज उठवायचा. अर्थशास्त्राचा जीव पहिल्या वाटेवर, राजकारणाचा दुसऱ्या. हिर्शमन यांचं उदाहरण नायजेरियाच्या रेल्वेचं आहे. भुईमूग वाहून न्यायला ट्रक मिळू लागले, तेव्हा स्पर्धेमुळं रेल्वे सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही. ज्यांच्या ओरडण्याचा काही उपयोग झाला असता, ते मोठे गिऱ्हाईक ट्रककडे गेले, आणि सरकारी रेल्वेला तोट्याची फिकीर नव्हती. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं: निघून जाण्याची सोय असली म्हणजे दुकानदार सुधारतोच असं नाही.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आपल्या धाराशिवला येऊ. कळंबच्या शेतकऱ्याला सोयाबीन विकताना थोडीफार निवड असते. कळंब आहे, धाराशिव आहे, बार्शी आहे, लातूर आहे. लातूरला भाव चांगला आहे असं कळलं की टेम्पो तिकडं वळतो. इथं बाजाराचा सिद्धान्त काही अंशी खरा ठरतो, हे आम्ही मान्य करतो. पण त्याच सोयाबीनचा विमा? प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जिल्ह्यासाठी कंपनी निविदेतून ठरते. खरिपात शेतकरी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरतो, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. आता सांगा, कंपनीचं गिऱ्हाईक कोण? शेतकरी की सरकार?

कोणी म्हणेल, निविदा म्हणजे स्पर्धाच की! बरोबर आहे. पण ती स्पर्धा सरकारच्या सहीसाठी असते, शेतकऱ्याच्या समाधानासाठी नाही. हा विमा नको असं शेतकरी म्हणू शकतो. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही योजना ऐच्छिक झाली. पण ही कंपनी नको, ती द्या, असं म्हणता येत नाही. पीकविमा पोर्ट होत नाही.

त्याच २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात काय पाऊस झाला, ते तुम्हाला सांगायला नको. सोयाबीन काढणीला आलेलं, कुठं कापून शेतात पडलेलं. योजनेच्या नियमानुसार अशा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती. टाळेबंदीचे निर्बंध आणि अतिवृष्टी यांमुळं फार थोड्यांना ती देता आली. बाकीच्यांना कंपनीनं भरपाई नाकारली. जिल्ह्याचा विमा बजाज अलियान्झ जनरल इन्शुरन्सकडे होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये खंडपीठानं ३,५७,२८७ शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि कंपनीनं ती दिली नाही तर राज्य सरकारनं द्यावी असंही सांगितलं. सर्वोच्च न्यायालयातही निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं राहिला.

आम्ही कंपनीची बाजूही मांडतो. ७२ तासांची अट मुळात वेडगळ नाही. एकाच्या रानात पाणी शिरलं, तर खुणा पुसायच्या आत कोणीतरी जाऊन बघायला हवं, नाहीतर खोटे दावे येतील. पण एका रानासाठी केलेली अट अख्खा जिल्हा पाण्याखाली असताना लावली, की ती पडताळणी राहत नाही, कुलूप होते. हिशेब पाहा: शेतकऱ्याला तोंड उघडायला ७२ तास, आणि त्याचं म्हणणं खरं ठरायला ऑक्टोबर २०२० ते मे २०२२, म्हणजे १९ महिने. तेही कोणीतरी कोर्टात गेलं म्हणून!

इथं आम्हाला हिर्शमन यांच्याशीही थोडं भांडायचं आहे. बाहेरची वाट बंद झाली की माणसं आवाज उठवतात, असा त्यांच्या मांडणीचा एक सूर आहे. पण आवाजालाही किंमत पडते. फोन लागावा लागतो, अर्ज भरता यावा लागतो, वकील लागतो. म्हणजे निवड नसलेल्या माणसाला आवाजही महाग पडतो. ‘ग्राहक राजा’ ही घोषणा म्हणूनच आम्हाला खटकते. कंपनी बदलता येत नाही आणि ओरडायला ७२ तास, असा कसला राजा?

मग हप्ता कमी केला की प्रश्न सुटेल का? तोही प्रयोग झाला. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून १ रुपयात पीकविमा आला. बोगस अर्ज निघाले, आणि २०२५ मध्ये तो बंद झाला. त्याचा फटका प्रामाणिक शेतकऱ्यालाही बसला. १ रुपयात विमा मिळाला तरी शेतकऱ्याच्या हाती निवड आली नाही आणि त्याचा आवाजही वाढला नाही.

तर त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं. जिथं दुकान बदलता येतं, तिथं खुशाल बदला. जिथं बदलता येत नाही, तिथं बोलणं स्वस्त करणं हेच न्यायाचं काम आहे. गावात सरकारी पंचनामा झाला, तर तीच त्या गावातल्या सगळ्यांची सूचना धरायला काय हरकत आहे? बाजार किती कार्यक्षम आहे हे तपासायचं, तर आमच्यासारख्या कंपनी बदलू शकणाऱ्या माणसाला विचारून भागणार नाही. ज्याला बदलता येत नाही, त्याचा फोन कितव्या वेळी उचलला जातो ते बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.